ऑनलाइन मागवलेले छापील टी-शर्ट : कापड वेगळं तपासा, छपाई वेगळी

पार्सल फोडलं की हात आधी कापडावरून फिरतो, आणि मऊ लागलं की टी-शर्ट चांगला ठरतो. ही परीक्षा फसवी आहे. नव्या कापडाला कारखान्यात सॉफ्टनर लावलेला असतो, बऱ्याचदा सिलिकॉनचा, आणि तो पहिल्या काही धुण्यांत उतरत जातो. त्यानंतर जे हाताला लागतं ते खरं कापड. छपाईचंही तेच. नवी असताना सगळीच छपाई झळाळते. कुठली टिकणार ते ताण, घासणं आणि पाणी ठरवतं. म्हणून दोन-तीन टी-शर्टची तुलना करायची तर ती शेजारी-शेजारी ठेवून करावी, कापड आणि छपाईला वेगवेगळे गुण द्यावेत, आणि शेवटचा निकाल तिसऱ्या धुण्यानंतरच लावावा.

खान्देशात ही मेहनत वाया जात नाही. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि ऊन कोरडं असतं. अशा हवेत घाम पटकन उडतो, पण कापड हवा जाऊ देत असेल तरच. पुण्यात वर्षभर वापरता येणारा जाड, छातीभर छपाईचा टी-शर्ट इथे मार्च संपताच कपाटात पडून राहतो.

मागवण्याआधी काय वाचायचं

पहिला आकडा जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १४० ते १६० हलकं, १८० मध्यम, २०० च्या पुढे जड. ओव्हरसाइज्ड म्हणून विकले जाणारे बरेच टी-शर्ट २२० ते २४० चे असतात आणि त्यांतल्या काहींच्या आतल्या बाजूला सुताचे छोटे फासे असतात. तो टेरीसारखा, म्हणजे टॉवेलसारखा विणलेला प्रकार. धुळ्यातल्या डिसेंबरच्या थंडीला तो उत्तम, मे महिन्यात नको. मार्च ते जून १४० ते १६०, बाकीच्या वर्षाला १८० हा हिशोब आपल्याकडे बरोबर बसतो. फक्त पांढऱ्या किंवा फिक्या रंगात १४० चं कापड अंग दाखवतं, तिथे १६० च्या खाली उतरू नका.

जास्त जीएसएम म्हणजे जास्त दर्जा, असं समजू नका. जाड सुताचं, ढिलं विणलेलं २०० चं कापड घट्ट विणलेल्या १६० पेक्षा लवकर सैल पडतं. सोबत सुताचा नंबर दिला असेल तर तोही बघा. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, म्हणजे ३० नंबरचं सूत २४ पेक्षा बारीक, आणि त्याचं कापड सहसा हलकं व गुळगुळीत. ‘कॉम्ब्ड’ लिहिलं असेल तर विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले आहेत. कपाशीचा व्यवहार ज्यांच्या घरात आहे त्यांना हे सांगायला नको: धाग्याची लांबी जिनिंगपासूनच भाव ठरवते, आणि आखूड तंतूच पुढे कापडावर लव आणि गोळे होऊन वर येतात. ‘बायो-वॉश’ म्हणजे एन्झाइमने ती वरची लव काढलेली. हे काम खरंच झालं असेल तर त्याचा गुळगुळीतपणा सॉफ्टनरपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

शब्दांवर बारीक नजर ठेवा. ‘कॉटन रिच’, ‘कॉटन ब्लेंड’, ‘पॉली कॉटन’ म्हणजे मिश्रण. ‘कॉटन फील’ बहुतेक वेळा पॉलिएस्टरच. १०० टक्के कॉटन असेल तर विक्रेता तो आकडा लपवत नाही.

फोटोंपैकी विक्रेत्याचे थोडे, ग्राहकांचे जास्त बघा. कापडाला सुरकुत्या आहेत पण चित्रावर एकही नाही, तर ते चित्र संगणकावर चिकटवलेलं आहे. तो टी-शर्ट अजून छापलाच गेला नसेल. प्रतिक्रियांमध्ये पाच ताऱ्यांच्या बहुतेक पार्सल आल्याच्या दिवशी लिहिलेल्या असतात. तीन ताऱ्यांच्या वाचा, आणि ‘धुतल्यावर’ किंवा ‘वॉश’ हा शब्द टाकून शोधा.

साइज एम-एल बघून ठरवू नका. अंगात नीट बसणारा एक जुना टी-शर्ट सपाट ठेवा. काखेच्या खाली एक इंचावर आडवं मोजा, ही छाती. गळ्याजवळ खांद्याच्या सर्वांत उंच टोकापासून खालच्या कडेपर्यंत मोजा, ही लांबी. हे दोन आकडे तक्त्याशी ताडा. तक्त्यात छाती पूर्ण घेराची दिली असेल तर तुमच्या मापाची दुप्पट धरा. अर्ध्या इंचाचा फरक कारखान्यात गृहीतच धरतात. होजिअरीचं कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं, म्हणून लांबीला एक इंच जास्त असलेलं माप घ्या.

आणखी एक गोष्ट पैसे भरण्याआधी तपासायची: तुमच्या पिनकोडवरून परतीचा माल उचलतात का. तालुक्यापासून आत असलेल्या गावांत पार्सल पोचतं, पण परत न्यायला माणूस येतोच असं नाही. नाव टाकून छापून घेतलेला टी-शर्ट तर सहसा परत घेतच नाहीत.

पार्सल आल्यावर, धुण्याआधी

एकदा धुतला की परतीचा रस्ता बंद. त्यामुळे पुढच्या तपासण्या टॅग न काढता, परतीची मुदत आहे तोवर उरका. फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

आधी वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टी-शर्ट घडी करून ठेवा. एल मापाच्या साध्या अर्ध्या बाहीच्या टी-शर्टमध्ये साधारण एक चौरस मीटर कापड असतं, म्हणून ग्रॅममधलं वजन जीएसएमच्या आकड्याजवळ यायला हवं. १८० सांगून काटा १४५ दाखवत असेल तर कुठेतरी कापड चोरलेलं आहे. एम थोडा कमी भरतो, ओव्हरसाइज्डमध्ये कापडच जास्त असल्यामुळे हा ताळा तिथे लागू होत नाही, आणि मोठ्या जाड छपाईचंही वजन त्यात येतं. सुती कापड हवेतली ओल धरतं, तेव्हा तुलनेचे सगळे टी-शर्ट एकाच वेळी तोला.

मग कापड खिडकीसमोर धरा. सारखं दिसायला हवं. जाड-बारीक सुताच्या आडव्या रेघा, विरळ ठिपके, एखादा सुटलेला टाका म्हणजे पुढे भोक पडण्याची जागा.

टी-शर्ट उलटा करून शिवण बघा. मागच्या गळ्यावर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पट्टी हवी. ती नसेल तर खांदे ताणले जातात आणि ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाची कड बांधणाऱ्या शिलाईची, कड मानेला टोचते. बाह्या आणि खालची कड दोन सुयांच्या शिलाईची असावी. एका इंचात दहा-बारा टाके मोजता आले तर शिवण दाट आहे. गळ्याची रिब, म्हणजे गळ्याभोवतीची लवचिक पट्टी, दोन्ही हातांनी दीडपट ताणून सोडा. तिने लगेच पूर्ववत व्हायला हवं. लाटेसारखी राहिली तर रिबमध्ये लायक्रा (ताणून परत येणारा धागा) नाही किंवा फार कमी आहे, आणि असा गळा महिनाभरात लोंबतो. टी-शर्ट टाकून द्यायची वेळ कापडाआधी गळ्यामुळे येते, म्हणून तपासायला वेळ कमी असेल तर बाकी सोडा, गळा सोडू नका.

बाजूला शिवण नसेल तर तो नळीसारख्या विणलेल्या कापडाचा आहे. स्वस्त पडतो, पण धुतल्यावर पिळतो.

आता फुंकर. टी-शर्ट उलटा करा, छपाई नसलेल्या जागी आतून तोंड टेकवून फुंका आणि पलीकडे तळहात धरा. हवा हाताला लागते. मग तसंच छपाईच्या मागून फुंका. जिथे हवा अजिबात लागत नाही तिथे घामही बाहेर पडणार नाही. हिशोब करून बघा: १२ बाय १६ इंचाची छपाई म्हणजे १९२ चौरस इंच. एल टी-शर्टची पुढची बाजू २१ बाय २८, म्हणजे ५८८. जवळपास एक तृतीयांश छाती-पोट बंद. कापड कितीही चांगलं असलं तरी मे महिन्याच्या दुपारी एसटीत तेवढा भाग अंगाला चिकटलेला राहतो. छातीवर छोटं चिन्ह आणि पाठीवर मोठं चित्र असेल तर मोटारसायकलवर बरं, बॅग पाठीला लावणाऱ्याला मात्र उलट त्रास: चित्र बॅगेखाली घासून जातं आणि पाठ ओली राहते.

मालात आणि जाहिरातीत तफावत सापडली तर काट्याचा, मापपट्टीचा फोटो जोडून परतीची मागणी नोंदवा. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि एमआरपी असायलाच हवी, त्याचाही फोटो घ्या. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

छपाई कोणती, ती कशी ओळखायची

जाहिरातीत हे क्वचित लिहितात, पण बोटांना कळतं.

पृष्ठभागावर किंचित उठलेली, रबरासारखी, मोजक्या सपाट रंगांची, धारदार कडांची छपाई म्हणजे प्लास्टिसॉल शाईचा स्क्रीन प्रिंट. ही शाई सुमारे १६० अंश सेल्सिअसला पूर्ण जाडीभर तापली तरच पक्की होते. भट्टीचा पट्टा घाईने फिरवला तर वरचा थर सुकतो, आतला कच्चा राहतो. कच्ची शाई ओळखायला छपाई आडवी थोडी ताणा, साधारण अंगात घालताना ताणली जाते तितकीच. बारीक भेगा दिसल्या तर ती काही धुण्यांत सुटणार. पक्की शाई ताणते आणि परत येते. गडद कापडावर रंग उठावा म्हणून खाली पांढरा थर देतात, त्यामुळे काळ्या टी-शर्टवरची तीच छपाई पांढऱ्यावरच्यापेक्षा जाड आणि गरम लागते.

हाताला जवळजवळ काहीच लागत नाही, कापडाची वीण शाईतून दिसते, ती पाण्याच्या शाईची छपाई. उन्हाळ्यासाठी हीच पहिली पसंती असावी. रंग थोडे मवाळ दिसतात, पण हवा खेळते आणि भेगा पडत नाहीत. फिकी होते तीही सारखी.

फोटोसारखं बहुरंगी चित्र, वर गुळगुळीत पातळ पापुद्रा, कडेला कधी पांढरी रेघ, ही डीटीएफ. फिल्मवर छापून गोंदाच्या पावडरीने दाबून चिकटवतात. आज ऑनलाइन मिळणारे बरेच छोट्या विक्रेत्यांचे टी-शर्ट याच पद्धतीचे असतात. चांगली केलेली डीटीएफ नीट टिकते. बिघडते ती कडांपासून: उष्णता किंवा दाब कमी पडला की कोपरे सुटतात. नखाने कोपरा हळूच ढकलून बघा, किंचितही उचलला तर परत करा. चित्राभोवती चौकोनी चमकदार ठसा दिसत असेल तर तो प्रेसचा आहे, फिक्या कापडावर सहसा धुण्यात जातो.

डीटीजीमध्ये शाई प्रिंटरने थेट कापडावर सोडलेली असते. चित्र बारीक ठिपक्यांचं, वीण दिसते. आधी फवारलेल्या द्रवामुळे कधी चौकोनी डाग आणि व्हिनेगरसारखा वास येतो. पहिल्या धुण्यात दोन्ही जातात, त्यावरून टी-शर्ट नापास करू नका.

शिवणीपर्यंत सगळीकडे पसरलेलं चित्र, हाताला शून्य, काखेच्या घडीत पांढऱ्या रेघा, हे सब्लिमेशन. ते पॉलिएस्टरवरच धरतं. अशा टी-शर्टवर १०० टक्के कॉटनचं लेबल असेल तर लेबल खोटं आहे.

मिश्र किंवा पॉलिएस्टर कापड लाल-मरून असेल आणि वर पांढरी अक्षरं असतील तर ती काही दिवसांत गुलाबी पडू शकतात. पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने वाफ होऊन शाईत शिरतो. शुद्ध सुतीला हा त्रास होत नाही.

एकाच विक्रेत्याकडून पुढे बरेच नग घ्यायचे असतील तर एका नगावर जाळून परीक्षा करा. शिवणीच्या आतल्या जादा कडेतून कापडाचं सूत काढा. शिवणीचा दोरा घेऊ नका. शुद्ध सुती टी-शर्टही पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवतात आणि निकाल उलटा येतो. चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. कापूस भुरकन जळतो, जळक्या कागदाचा वास येतो, राख मऊ राखाडी. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं, काळा कडक मणी उरतो. राखेत कडक कण लागले तर मिश्रण.

देवनागरी आणि अहिराणी मजकूर असेल तर

यावर वेगळं लिहायला हवं, कारण इंग्रजी अक्षरांना न येणाऱ्या अडचणी इथे येतात. ‘मी खान्देशी शे’ असं छातीवर लिहिलं तर शिरोरेघ ही छातीच्या सर्वांत ताणल्या जाणाऱ्या भागावर आडवी पडलेली सलग पट्टी असते. भेग पहिली तिथेच जाते. अनुस्वार, मात्रांची टोकं, रफार हे छोटे सुटे तुकडे. डीटीएफ किंवा व्हिनाइलमध्ये (प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून चिकटवलेल्या अक्षरांत) त्यांना चिकटायला जागा कमी, म्हणून सर्वांत आधी टिंब गळतं आणि शब्दाचा अर्थ बदलतो. स्क्रीन प्रिंटमध्ये उलट होतं, ‘भ’, ‘ध’ यांची पोकळी शाईने भरून जाते. उपाय सरळ आहे: जाड, गोलसर फाँट, अक्षराची उंची निदान पाऊण इंच, मजकूर दोन ओळींत तोडलेला म्हणजे शिरोरेघ आखूड. संकेतस्थळावर स्वतः मजकूर टाइप करून देऊ नका; वेलांटी सरकते, जोडाक्षर फुटतं. तयार केलेलं चित्र पारदर्शक पार्श्वभूमीवर, ३०० डीपीआयमध्ये (एका इंचात ३०० ठिपके) द्या आणि छापण्याआधीचा नमुना अक्षर-अक्षर वाचा.

तीन धुण्यांची परीक्षा

धुण्याआधी टी-शर्टच्या पाठीवर, काठापासून दूर, उभ्या आणि आडव्या दिशेने बरोबर २५ सेंटिमीटर अंतरावर सुईदोऱ्याने टाके घाला. गळ्याची रुंदी शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजून वहीत लिहा.

पहिलं धुणं वेगवेगळं, कारण गडद रंग सुटतो. पुढची दोन एकाच बादलीत, एकाच पाण्यात, एकाच पावडरीने. हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. त्यात साबणाची वडी वापरली की साका होऊन सुतात बसतो आणि चांगलं कापडही खरखरीत होतं. एक टी-शर्ट नळाच्या पाण्यात आणि दुसरा बोअरच्या पाण्यात धुतला तर तुलना पाण्याची होईल. टी-शर्ट उलटा करून, थंड पाण्यात, ब्रश आणि मोगरी न लावता धुवा आणि सावलीत उलटाच वाळवा. घरी रोजचं धुणं दगडावर होत असेल तर तिसरं धुणं तसंच करा, म्हणजे खरा वापर कळेल.

तिसऱ्यांदा वाळल्यावर न इस्त्री करता सपाट ठेवा.

टाक्यांमधलं अंतर २४ सेंटिमीटर झालं असेल तर कापड ४ टक्के आटलं. ५ पर्यंत चालतं, त्यापुढे माप बदलतं. बाजूची शिवण खालच्या कडेला पुढे सरकली असेल तर किती ते मोजा. पाऊण-एक इंचापर्यंत ठीक, त्याहून जास्त पिळला तर चित्रही तिरकं दिसतं. हा दोष सुताच्या पिळाचा आहे, इस्त्रीने जात नाही. गळा अर्ध्या इंचाहून जास्त रुंदावला तर नापास. काखेत आणि पोटावर गोळे आलेत का बघा. मिश्र कापडावरचे गोळे सहज गळत नाहीत, कारण पॉलिएस्टरचा मजबूत तंतू त्यांना धरून ठेवतो.

ओला पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून छपाईवर आणि साध्या कापडावर दहा-दहा वेळा घासा. तिसऱ्या धुण्यानंतरही रुमाल रंगत असेल तर रंग कच्चा आहे. पाण्याचा एक थेंब छपाई नसलेल्या जागी सोडा. सुतीने तो लगेच प्यायला हवा. ही परीक्षा नव्या टी-शर्टवर केली तर सॉफ्टनरमुळे थेंब वरच राहतो आणि चांगलं कापडही नापास होतं.

शेवटी एकेक टी-शर्ट दुपारी दोन-तीन तास घालून नेहमीचं काम करा, शक्यतो सारख्याच उन्हाच्या दिवशी. काढल्यावर छपाईच्या मागची आतली बाजू आणि पाठ, दोन्हीकडे हात लावा. छपाईमागे ओल आणि बाकी कोरडं, तर त्रास छपाईचा. सगळीकडे ओलं, तर कापडाचा. काळ्या टी-शर्टवर घामाचे पांढरे मिठाचे डाग उठतात, तो कापडाचा दोष नाही, साध्या पाण्याने जातात. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत काम असेल तर मात्र परीक्षेचा टी-शर्ट घालून जाऊ नका. केळीच्या चिकाचा तपकिरी डाग निघत नाही.

किंमत मग बघा. ३०० रुपयांचा टी-शर्ट ३० धुणी टिकला तर एका वापराला १० रुपये पडले; ५०० चा ८० धुणी टिकला तर सव्वासहा.

मंडळासाठी एकगठ्ठा घेताना

गणपती, श्रावणातली कानबाई, कॉलेजचं गॅदरिंग, यासाठी पन्नास-शंभर टी-शर्ट एकदम मागवतात आणि बहुतेक वेळा भावावर ठरतं. त्या भावात सहसा पॉलिएस्टरचं खेळाचं कापड येतं. मिरवणुकीपुरतं ते चालतं, लवकर वाळतं. पण भादव्याच्या दमट हवेत वर छातीभर प्लास्टिसॉल असेल तर ढोल वाजवणाऱ्यांचे हाल होतात. छपाई छातीच्या डाव्या बाजूला छोटी ठेवा, मोठं नाव पाठीवर वरच्या भागात फक्त अक्षरांत, भरीव चौकोनाशिवाय.

ऑर्डर देण्याआधी निदान तीन आठवडे हातात ठेवून एक नग छापून मागवा आणि वरच्या सगळ्या परीक्षा त्याच्यावर करा. मापं तोंडी घेऊ नका. एम, एल, एक्सएलचा एकेक साधा नग मागवून पोरांना घालून बघू द्या. ऑर्डरमध्ये जीएसएम, कापडाचं मिश्रण, छपाईचा प्रकार आणि छपाईचं इंचातलं माप लेखी टाका. पास केलेला नमुना एकाच माणसाकडे न वापरता ठेवा. माल आला की गठ्ठ्याच्या वरचा नग न घेता मधले पाच-सहा काढा, नमुन्यासोबत काट्यावर तोला, छपाई ताणून बघा, आणि मगच उरलेले पैसे द्या.